वैमानिकाला घरी बसवून चुकीची धावपट्टी बरोबर होत नाही

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि
मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : विमाने चुकीच्या धावपट्टीवर उतरण्याच्या घटना आणि समांतर धावपट्ट्या बांधताना घ्यावयाची खबरदारी

महोदय,

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी काबूलहून दिल्लीला आलेल्या एरियाना अफगाण एअरलाइन्सच्या विमानाला ‘२९ डावी’ या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी मिळालेली असताना ते शेजारच्या ‘२९ उजवी’वर उतरले. ही दुसरी धावपट्टी उड्डाणांसाठी वापरली जात होती. नेमक्या त्या क्षणी तिच्यावर दुसरे विमान धावत नव्हते, म्हणून कोणाला काही झाले नाही, आणि कोणाला काही झाले नाही म्हणून ती बातमी फार दिवस टिकली नाही. त्याआधी सात वर्षांपूर्वी, ७ सप्टेंबर २०१८ रोजी, आपल्याच एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमहून निघालेले एअरबस ए-३२० निओ विमान मालदीवमधील माले येथे १३६ प्रवाशांसह, बांधकाम सुरू असलेल्या, वाहतुकीसाठी खुल्याच न झालेल्या धावपट्टीवर उतरले होते. टायर निकामी झाले, विमान ओढून न्यावे लागले, पण प्रवासी सुखरूप उतरले. चालक दलाला उड्डाणाच्या कामावरून दूर करण्यात आल्याचे लगेच जाहीर झाले आणि सर्वसामान्य प्रवाशांपुरता तो विषय तिथेच संपला.

तो विषय संपलेला नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. मी वैमानिक नाही. विमान अपघातांचे आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचे चौकशी अहवाल गेली अनेक वर्षे लक्षपूर्वक वाचणारा मुंबईचा एक नागरिक आहे. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. चुकीच्या धावपट्टीवर उतरणारे चालक दल बहुतेक वेळा बेफिकीर नसते. आपण बरोबर ठिकाणी उतरत आहोत याची त्याला शेवटच्या क्षणापर्यंत खात्री असते. ही खोटी खात्री निर्माण करणारी परिस्थिती जमिनीवर असते, आणि ती बदलणे आपल्या दोन कार्यालयांच्या हातात आहे.

या प्रकाराचा एक जुना धडा मुंबईनेच जगाला दिला आहे. जुहूचे लहान विमानतळ सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या, पश्चिमेला, हवेतून पाहिले तर अगदी लागून आहे. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०९-२७ आणि जुहूच्या धावपट्टीचा ०८-२६, आणि हे क्रमांक धावपट्टीची दिशा दहा-दहा अंशांत सांगतात, म्हणजे दोन्हींच्या दिशांत जेमतेम दहा अंशांचा फरक आहे. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच जी पहिली धावपट्टी दिसते ती जुहूची असते. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले आणि तेथून ते पुन्हा उडवून नेईपर्यंत नऊ दिवस गेले. धोक्याची ही सूचना एवढी स्पष्ट असतानाही १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, लंडनहून अनेक थांबे घेत टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान पुन्हा त्याच जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी सुमारे ११४० मीटर लांबीची, सांताक्रूझच्या आजच्या मुख्य धावपट्टीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. विमान ती ओलांडून पुढे गेले आणि इतके मोडले की ते दुरुस्त करणे परवडण्याजोगे राहिले नाही. काही प्रवासी जखमी झाले, परंतु जीव कोणाचाही गेला नाही. दोन वेगळ्या देशांची, वेगळ्या शिस्तीत तयार झालेली चालक दले १९ वर्षांच्या अंतराने एकाच जागी तीच चूक करतात, तेव्हा त्या चुकीचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा त्या जागेत शोधणे भाग आहे.

लंडनमध्ये असाच प्रश्न उभा राहिला तेव्हा तेथील लोकांनी काय केले, तेही नोंदवण्यासारखे आहे. १९६० मध्ये पॅन अॅमचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्ट या लहान तळावर उतरले. दोन्ही तळांच्या वाटेवर गॅसच्या प्रचंड टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांचा खूण म्हणून उपयोग करत. पुढे साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोसाठी ‘एलएच’ आणि साउथ हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी ‘एनओ’ अशी मोठी अक्षरे रंगवण्यात आली. या उपायाला फार मोठा खर्च आला नसेल. वैमानिकाची नजर जिथे जाते तिथे जाऊन तिला उत्तर देण्याची ती रीत होती, आणि आजच्या सर्व यंत्रणांच्या काळातही ती मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

यापेक्षा अलीकडचे आणि अधिक सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. त्यावर मी थोडे अधिक लिहितो, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला त्याचा अहवाल आपल्या प्रत्येक विमानतळाच्या व्यवस्थापकाने वाचावा असा आहे. ७ जुलै २०१७ च्या रात्री एअर कॅनडाचे ए-३२० विमान १४० जणांना घेऊन ‘२८ उजवी’ या धावपट्टीवर उतरण्यासाठी येत होते. तिला समांतर असलेली ‘२८ डावी’ त्या रात्री कामासाठी बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. चालक दलाच्या मनात मात्र नेहमीचे चित्र होते : दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी, त्यांतली उजवीकडची आपली. डोळ्यांना दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या. त्यांतली डावीकडची रांग खऱ्या ‘२८ उजवी’ची होती आणि तिच्या उजवीकडची टॅक्सीवेची, म्हणजे विमाने जमिनीवरून धावपट्टीकडे ये-जा करतात त्या वाटेची. त्या टॅक्सीवेवर चार प्रवासी विमाने इंधनाने भरलेल्या टाक्यांसह उड्डाणासाठी रांगेत उभी होती. रोज चार नंबरला लागणारी लोकल एखाद्या दिवशी पाच नंबरवर आणली, तर घोषणा कानावर पडूनही माणसे चारवरच उभी राहतात. वैमानिकाचे मनही माणसाचेच असते.

खाली दिवे पाहून त्या वैमानिकांना शंका आली होती आणि धावपट्टी मोकळी आहे ना, असे त्यांनी नियंत्रकाला विचारलेही होते. ती मोकळी आहे असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर शब्दशः खरे होते, कारण खरी धावपट्टी मोकळीच होती. शेवटी टॅक्सीवेवर उभ्या असलेल्या पहिल्या विमानातील वैमानिक रेडिओवर बोलला, दुसऱ्या एका विमानाने आपले दिवे लावले आणि एअर कॅनडाच्या चालक दलाने विमान वर घेतले. तोपर्यंत ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत, म्हणजे उभ्या विमानांच्या शेपटीच्या उंचीच्या आसपास, खाली आले होते. पाच विमानांत मिळून हजारांहून अधिक माणसे होती.

चौकशीत काय निघाले? ‘२८ डावी’ बंद असल्याची सूचना चालक दलाला दिलेल्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. वैमानिकांनी ती पाहिली असावी, पण ऐन वेळी ती त्यांना आठवली नाही. उजव्या धावपट्टीवरील आयएलएसची, म्हणजे विमानाला रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेची, वारंवारिता हाताने लावून ठेवायची होती, म्हणजे डोळे चुकले तरी यंत्राने बाजू दाखवली असती. ती लावायची राहिली आणि लागली की नाही हे दुसऱ्याने तपासले नाही. कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागा होता. बंद धावपट्टीच्या टोकाशी चमकणारी प्रकाशमान फुली होती, परंतु ती एक धावपट्टी बंद आहे एवढेच सांगते. शेजारचा टॅक्सीवे धावपट्टी नाही हे ती सांगू शकत नाही. आणि घटना कळवण्याआधीच विमान पुढच्या उड्डाणाला गेल्यामुळे कॉकपिटमधील त्या वेळचे संभाषण, जे फक्त दोन तास जपले जाते, पुसले गेले. म्हणजे एवढ्या मोठ्या संकटात त्या दोघांनी एकमेकांना काय सांगितले, हे आता कोणालाच कळणार नाही.

मेक्सिको सिटीत ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी नशिबाने साथ दिली नाही. वेस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-१० धुक्यात ‘२३ उजवी’वर उतरणे अपेक्षित होते. डावी धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, पण यंत्राने वाट दाखवणारी व्यवस्था त्या बंद धावपट्टीचीच होती, आणि चालक दलाने तिच्या आधाराने खाली येऊन शेवटी उजवीकडे सरकायचे होते. धुक्यात ते सरकणे झाले नाही. विमान बंद धावपट्टीवर उतरले, तिथे उभ्या असलेल्या ट्रकला धडकले आणि ७३ माणसे मेली. ‘तुम्ही डावीकडे आहात’ असे नियंत्रकाने त्यांना सांगितले होते. सूचना देऊन झाली की आपली जबाबदारी संपली असे मानणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ही गोष्ट नजरेसमोर ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मालेचे प्रकरण या सगळ्यांच्या पंगतीत ठेवून पाहिले की त्याचे खरे स्वरूप दिसते. जुन्या धावपट्टीला समांतर, तिच्यापेक्षा रुंद, नव्या डांबराची पट्टी तयार होत होती, आणि ती हवेतून पाहणाऱ्याला जुनीपेक्षा जास्त ‘धावपट्टीसारखी’ दिसणे अगदी स्वाभाविक होते. चालक दलाकडून चूक झाली हे निर्विवाद आहे; तिचे मोजमाप व्हायला हवे, त्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यायला हवे, हेही मान्य. परंतु त्या दोन वैमानिकांना घरी बसवल्याने मालेची ती पट्टी पुढच्या विमानाला कमी आकर्षक दिसू लागली नाही.

आता नवी मुंबईकडे वळतो, कारण हे पत्र लिहिण्याचे तातडीचे कारण तेच आहे. उलव्याच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आज तिथे ३,७०० मीटरची एक धावपट्टी वापरात आहे आणि तिला समांतर दुसरी धावपट्टी विमानतळाच्या आराखड्यातच आहे. म्हणजे येत्या काळात वापरातल्या धावपट्टीशेजारी अर्धवट धावपट्टी, असे मालेचे चित्र आपल्या दारात काही काळ राहणार आहे. त्या काळात तिथे यंत्रे असतील, मजूर असतील, डंपर असतील. कोकणातील पावसाळा असेल, ढग खाली आलेले असतील, आणि ढगांतून बाहेर पडल्यावर चालक दलाला धावपट्टी ओळखायला थोडेच सेकंद मिळतील. या मजुरांचा विचार चुकीच्या लँडिंगच्या चर्चेत कोणीच करत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम करतो. विमानातील माणसांना निदान पट्ट्याची खुर्ची तरी असते. पट्टीवर काम करणाऱ्याला मागून येणारे विमान दिसतही नाही.

माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की, नवी मुंबईतच नव्हे तर देशात जिथे जिथे वापरातल्या धावपट्टीशेजारी समांतर धावपट्टी बांधली किंवा दुरुस्त केली जाईल, तिथे काम सुरू होण्यापूर्वी ती हवेतून कशी दिसेल याची तपासणी आपल्या वैमानिक-निरीक्षकांनी प्रत्यक्ष विमान उडवून, दिवसा आणि रात्री, दोन्ही दिशांनी करावी आणि तिचा अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध करावा. बांधकामाच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर, विशेषतः डांबराचा वरचा थर पडल्यानंतर, ती पुन्हा व्हावी, कारण धोका त्या दिवशी एकदम वाढतो. फुलीची खूण आंतरराष्ट्रीय नियमांत आहेच. ती दोन्ही टोकांना आणि मधेही असावी, रात्री प्रकाशमान असावी, आणि काम चालू असताना कंत्राटदाराने सोयीसाठी ती झाकू वा हलवू नये, याची जबाबदारी एका नावाने नेमलेल्या अधिकाऱ्यावर असावी. कामासाठी लावलेले प्रखर दिवे धावपट्टीच्या दिव्यांच्या रांगेसारखे दिसणार नाहीत अशा रीतीने रोखलेले असावेत. या गोष्टी कागदावर कुठे ना कुठे असतीलही. मी विचारतो आहे ते त्या पाळल्या गेल्याचा पुरावा लोकांपुढे ठेवण्याबद्दल.

दुसरी मागणी कॉकपिटमधील आहे. आकाश निरभ्र असले आणि वैमानिक डोळ्यांनी धावपट्टी पाहून उतरत असला, तरी ज्या धावपट्टीला आयएलएस किंवा उपग्रहावर आधारित मार्ग उपलब्ध आहे तिथे तो लावलेला असणे आणि दोन्ही वैमानिकांनी तो मोठ्याने तपासणे सर्व भारतीय कंपन्यांना आणि भारतात येणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही बंधनकारक करावे. टॅक्सीवेच्या दिशेने विमान उतरू लागले तर कॉकपिटमध्ये आवाजी इशारा देणाऱ्या प्रणाली बाजारात अनेक वर्षांपासून आहेत. किती भारतीय विमानांवर त्या बसवल्या आहेत, ही माहिती प्रवाशांना मिळायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोनंतर अमेरिकेने जमिनीवरील रडारच्या संगणकांत अशी भर घातली की विमान टॅक्सीवेकडे वळताच नियंत्रकाला इशारा मिळतो. दिल्ली, मुंबई, बेंगळूरु यांसारख्या विमानतळांवर हे करण्याची मुदत आपण ठरवून जाहीर करावी.

नोटम, म्हणजे वैमानिकांना मिळणाऱ्या सूचनांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांची दुरवस्था आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. गवत कापण्याची सूचना आणि धावपट्टी बंद असल्याची सूचना एकाच टाइपात, एकाच यादीत छापली जाते. धावपट्टीविषयीची सूचना पहिल्या पानावर, नकाशासह यावी, आणि शेजारी बंद अथवा अर्धवट धावपट्टी असेल तर नियंत्रकाने उतरण्याची परवानगी देताना ती प्रत्येक विमानाला तोंडी सांगावी. यात काही सेकंद जातात. मुंबईच्या गर्दीत ते सेकंद महाग आहेत हे मान्य आहे, पण ते खर्च करावेत.

वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न मी वेगळा मानत नाही. आपल्याच महासंचालनालयाने उड्डाण-कामाच्या वेळेचे आणि रात्रीच्या लँडिंगचे नियम कडक केले, त्याबद्दल मनापासून आभार मानावेत अशीच ती गोष्ट होती. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून तिला तात्पुरती सूट दिली गेली. प्रवाशांचे हाल मी कमी लेखत नाही. परंतु १९ तास जागा असलेला माणूस दिव्यांच्या दोन रांगांतून बरोबर रांग निवडेल, याची हमी कोणतेही परिपत्रक देऊ शकत नाही, आणि अशी सूट पुन्हा दिली जाणार नाही हे आपण लेखी सांगावे.

शेवटी चौकशीविषयी लिहितो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३ व्या परिशिष्टानुसार अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे; दोष वाटणे हा नाही. भारताने तो मान्य केलेला आहे. तरीही आपल्याकडे घटनेनंतरची पहिली ओळ बहुधा ‘चालक दलाला कामावरून दूर केले’ अशी असते. सुरक्षेसाठी काही काळ त्यांना न उडवणे समजू शकते, पण तीच बातमी होऊन बसली की पुढचा वैमानिक आपली चूक कळवण्याआधी दहादा विचार करतो. जो स्वतःहून कळवतो त्याला शिक्षा होणार नाही, हे संरक्षण नुसते नियमात न राहता प्रत्यक्ष व्यवहारात दिसले पाहिजे. चुकीच्या पृष्ठभागाकडे विमान आल्याची शंका जरी आली, तरी ते विमान पुन्हा उडण्यापूर्वी संभाषणाची नोंद जपून ठेवण्याची सक्ती असावी. युरोपात २०२१ पासून नव्या मोठ्या विमानांवर २५ तासांची नोंद ठेवणारी यंत्रे बंधनकारक आहेत. भारतीय कंपन्या शेकडो नवी विमाने मागवत असताना आपण कधीपासून तसे करणार, हे सांगावे.

पुण्याचे लोहगाव हवाई दलाच्या आणि गोव्याचे दाबोळी नौदलाच्या ताब्यात आहे. तिथे उतरणारे प्रवासी मात्र आमच्यासारखेच आहेत, तेव्हा वरील सर्व व्यवस्था संरक्षण मंत्रालयाशी बोलून तिथेही लागू कराव्यात.

दिल्लीच्या २३ नोव्हेंबरच्या घटनेचा चौकशी अहवाल आपल्या संकेतस्थळावर संपूर्ण प्रसिद्ध करावा, त्यात त्या वेळी दृश्यमानता किती होती, धावपट्टीची मार्गदर्शक यंत्रणा सुरू होती की नाही आणि विमान बाजूला सरकताना नियंत्रण कक्षात कोणाला काय दिसत होते, याची उत्तरे असावीत, आणि नवी मुंबईच्या दुसऱ्या धावपट्टीवर डांबराचा पहिला थर पडण्यापूर्वी तो अहवाल तेथील अभियंत्यांच्या, नियंत्रकांच्या आणि कंत्राटदारांच्या हाती पोचावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
मुंबईतील एक विमानप्रवासी